सिल्विउच्या गाडीचं चाक

परास्किवाच्या अंगणात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध स्टुलावर गाडीचं चाक होतं. बर्फावरून गाडी घसरून मेलेल्या तिच्या मुलाच्या, सिल्विउच्या गाडीचं. शेजारी काळा झगा घातलेला फिलारेत. याला कुठल्याच मठाने साधू केलं नव्हतं.

"धातू खोटं बोलत नाही, माउली," तो सूर लावून म्हणाला. "पाप्याच्या हातात तो फुटतो."

त्याने आधी स्वतःचा हात चाकाच्या कडेवर ठेवला. काहीच झालं नाही. मग सून ओक्तावियाला एक आरा ओढायला लावला. अंगठ्याएवढा जाड, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आरा बिस्किटासारखा मोडून तिच्या हातात आला.

"माझ्या पोराला हिनंच खाल्लं," परास्किवा म्हणाली. "नीघ माझ्या घरातून."

ओक्ताविया पोटुशी होती.

"शापित घर मठाच्या नावावर केलंस की शांती होईल," फिलारेत हळूच म्हणाला.

गर्दीतली निम्मी माणसं आमच्या चाकांच्या कारखान्यातली. रोज हाच धातू ओतणारी. तीच छातीवर क्रूस काढत होती. माझं डोकं फिरलं.

तंत्रशाळेत रसायन शिकवणाऱ्या स्मरांडाबाईंनी तुकडा उचलून बोटाने घासला. बोट करडं, चकचकीत झालं.

"चाक आधी कुणाकडे होतं?"

"माझ्याकडे. प्रार्थनेसाठी," फिलारेत म्हणाला.

"कुठल्या आऱ्यावर प्रार्थना केलीत, ते दिसतंय." त्या परास्किवाकडे वळल्या. "काकू, त्याच आऱ्याचा हा खुंट उरलाय. तुम्ही ओढा बघू."

परास्किवाने ओढला. तोही तिच्या मुठीत आला.

"आता शेजारचा आरा तू ओढ गं," त्या ओक्तावियाला म्हणाल्या. तिने जीव खाऊन ओढला. तो हलला नाही.

"गॅलियम आहे हे," बाई म्हणाल्या. "हाताच्या उबेनं वितळणारा धातू. अ‍ॅल्युमिनियम खरवडून त्यावर हा चोळायचा आणि वाट बघायची. तो आत झिरपतो, धातूच्या कणांची पकड सुटते. मग पापी ओढो की पुण्यवान, आरा मोडणारच."

फिलारेत फाटकाकडे सरकला. आमच्या भट्टीवाल्यांनी ते आधीच लावून घेतलं होतं. पोलीस येईपर्यंत त्याला कुणी बाहेर जाऊ दिलं नाही.

परास्किवा सुनेचा हात धरायला गेली. ओक्तावियाने तो सोडवून घेतला, बॅग भरली आणि आईकडे निघून गेली. बाळ तिकडेच जन्मलं.

चमत्कार दाखवणाऱ्याला एवढं तरी विचारा, की ही वस्तू आधी कुणाच्या ताब्यात होती? आणि ते विचारा एखादीला उंबऱ्याबाहेर काढण्याआधी. नंतर विचारून ती परत येत नाही.