जोडीचा उजेड

“थांब, दिवे बंद करू नकोस,” मामा म्हणाले आणि त्यांनी तळव्याने डावा डोळा झाकला. मग हात बदलून उजवा झाकला. मग पुन्हा डावा.

टॅक्सी गॅरेजच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. दोन्ही हेडलाइटचा उजेड भिंतीवर पडला होता. टॅक्सीत बसलेल्या भाचीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“काय झालं मामा? डोळा टोचतोय का?”

“टोचतोय कसला. इकडे ये. हा उजेड कसा आहे?”

“निळसर.”

“आणि तो?”

“पिवळसर,” ती जरा जपूनच म्हणाली.

“मलाही तसंच दिसतंय.” मामा लहान मुलासारखे हसले. “नव्या डोळ्याला निळा तो निळा, पिवळा तो पिवळा. आणि हा जुना म्हणतोय, दोघे सख्खे भाऊ. लबाड कुठला.”

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरचा कामाचा हा पहिलाच दिवस. सकाळपासून मामांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. वायरींचे रंग बघून ते हरखत होते, पान्ह्यांवरचे आकडे उगाचच मोठ्याने वाचत होते.

गाड्यांच्या दिव्यांतच त्यांचा जन्म गेला होता. मिणमिणत्या पिवळ्या बल्बपासून झेनॉनच्या पांढऱ्या झगझगीत दिव्यांपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. बायको गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून सुटीच्या दिवशीही ते गॅरेज उघडून बसत. बहिणीची ही मुलगी काम शिकायला म्हणून आली आणि तिथलीच झाली.

झेनॉनचा बल्ब जुना झाला की त्याचा उजेड निळा पडत जातो. शेजारी नवा बसवला की दोघांचं जमत नाही. दोन नव्यांतही क्वचित फरक निघतो, म्हणून उजेड आधी भिंतीवर बघायचा. एक गेला तरी जोडीच बदलायची, हे मामांनीच भाचीला शिकवलेलं. पण अलीकडे तेच म्हणायला लागले होते, “दुसरा चांगला आहे की. सारखेच तर दिसतायत. कशाला बदलायचा?”

टॅक्सीत नवी जोडी बसली. भिंत एका रंगाची झाली. मामांनी खुशीत टाळी वाजवली आणि एकदम भाचीकडे वळले.

“अगं, मग आधीच्या गाड्या? एक डोळा निळा नि एक पिवळा घेऊन फिरत असतील सगळ्या. लोक म्हणत असतील, मामांची नजर गेली.”

“कोणी काही म्हणत नाही. गाड्या ठीकच आहेत. सोडा ना आता. चहा घेऊ.”

मामा चहालाही थांबले नाहीत. अंधार पडायच्या सुमाराला ते टॅक्सी स्टँडवर पोहोचले. तिथल्या बहुतेक गाड्यांचे दिवे त्यांनीच बसवलेले.

“दिवे लाव रे जरा,” ते पहिल्या टॅक्सीवाल्याला म्हणाले. लागले. दोन्ही एकसारखे, शुभ्र. दुसरी गाडी पाहिली, तीही तशीच. तिसरी, चौथी. मामा डोळा झाकत, उघडत गाडीमागून गाडी बघत सुटले. कुठेच खोट सापडेना. त्यांना हसू आवरेना.

“बघितलंस?” ते रांगेतल्या म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला म्हणाले. “डोळा आंधळा होता, पण हात डोळस होता.”

“हात कसला, तुमची काळजी म्हणा,” म्हातारा म्हणाला. “गाडी दुरुस्त होऊन आली की दुसऱ्या दिवशी तुमची भाची इथे हजर. म्हणायची, मामांना रात्रभर झोप नाही, दुसराही बल्ब बदलून ये म्हणालेत. उभ्या उभ्या बदलून जायची. दरवेळी तुमचाच निरोप.”

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

“हो,” ते म्हणाले. “म्हणालो होतो खरा.”

परतले तेव्हा भाची शटर ओढायच्या तयारीत होती.

“सापडली का एखादी?” तिने त्यांच्याकडे न बघताच विचारलं.

“एकही नाही.”

“मी म्हटलं नव्हतं?”

“म्हटलं होतंस,” मामा म्हणाले आणि शटरला त्यांनीही हात लावला.

सकाळी एक डॉक्टरीणबाई गाडी ठेवून गेल्या. मामांनी दोन नवे बल्ब काढले, स्वतःच्या हाताने बसवले, बॉनेट लावलं. मग भिंतीकडे न जाता ते स्टिअरिंगवर बसले.

“आज तू बघ.”

“मी? आता तर तुमचा डोळा चांगला झालाय.”

“एकच झालाय. तुझे दोन आहेत. तू हो म्हणालीस की गाडी जाईल.”

त्यांनी दिवे लावले. भाची भिंतीजवळ गेली. मामा काचेतून बघत होते. त्यांना दोन्ही उजेड सारखेच दिसत होते, अगदी नव्या डोळ्यालासुद्धा. भाची बराच वेळ बघत राहिली. एकदा मागे सरकून बघितलं, एकदा वाकून.

“नाही मामा,” ती म्हणाली. “डावा किंचित पिवळा आहे.”

मामा खाली उतरले आणि त्यांनी बॉनेट पुन्हा उघडलं.