वरच्या मजल्यावरची हवा

स्तामेनाला आपल्या जावेचा हेवा वाटायचा, आणि तो लपवायची तसदीही तिनं कधी फारशी घेतली नव्हती. बाकीच्या बायका जावेच्या सोन्याचा हेवा करतात, रूपाचा करतात, पोरांच्या नोकऱ्यांचा करतात. स्तामेना हवेचा करायची.

घर दुमजली. स्कोप्ये शहराच्या त्या भागातली घरं बहुतेक तशीच. बापानं दोन मुलगे धरून दोन मजले चढवायचे, थोरला खाली, धाकटा वर, आणि मधल्या जिन्यावर दोन सुनांनी जन्मभर एकमेकींची पावलं ओळखायची. खाली क्रुमे आणि स्तामेना, वर मेतोदी आणि बिसेर्का. सासूबाई, म्हणजे म्हाताऱ्या त्रेनाबाई, खालच्या मागच्या खोलीत. पण त्यांचं नाक, कान आणि मत दोन्ही मजल्यांवर सारखंच फिरायचं.

बिसेर्का बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवायची. वर्षानुवर्षं त्या गोंदाच्या डब्यावर वाकून बसली, आणि एका हिवाळ्यात तिचं शरीर म्हणालं, बास. गोंद तर नकोच. पण अत्तर नको, केसांचा फवारा नको, ताज्या रंगाची भिंत नको, धुतल्या कपड्यांचा तो फुलांचा वासही नको. जरा वास आला की डोकं फुटायचं, गळा आवळायचा, हात थरथरायचे. एक डॉक्टर म्हणाला ॲलर्जी, दुसरा म्हणाला ॲलर्जी नाही, तिसरा म्हणाला, बाई, हे सगळं मनात आहे, झोपेच्या गोळ्या घ्या. गल्लीनं तिसऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवला. मेतोदीनं बायकोवर.

आणि इथंच स्तामेनाच्या काळजात काटा रुतला.

मेतोदीनं सिगारेट सोडली. पोरवयापासून ओढत होता, बापाच्या मारानं सुटली नव्हती, ती सोडली. कोट जिन्यातच काढून ठेवायला लागला. गालिचे गुंडाळून देऊन टाकले. नवा सदरा आणला की व्हिनेगरच्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवायचा, वास जाईपर्यंत, स्वतःच्या हातानं. आणि बाल्कनीत उभा राहून हुंगून बघायचा, अख्ख्या गल्लीदेखत. गेल्या जानेवारीत, शहर डोंगरांच्या वाटीत धुरात शिजत पडलेलं असताना, तो खांद्यावर एक खोकं घेऊन आला. हवा साफ करायचं मशीन! पांढरं, कमरेएवढं, हिरव्या दिव्याचं.

त्रेनाबाईंनी त्या मशीनसाठी लगेच क्रोशाचा रुमाल विणला. त्यांच्या मते उघडी वस्तू म्हणजे उघडं पोर.

"आई, वरची भोकं बुजतात," मेतोदी म्हणाला.

"मग काय नागडंच ठेवणार? पाहुणे काय म्हणतील? आणि वारा फेकतंय ते. पाठीला झोत लागला की मूत्रपिंड गेलंच समज. भिंतीकडे तोंड कर त्याचं."

मेतोदीनं रुमाल टीव्हीवर घातला आणि मशीनचं तोंड तसंच ठेवलं. आईपुढं एवढा ताठ तो जन्मात उभा राहिला नव्हता, हेही स्तामेनानं जिन्यातून ऐकलं आणि मनात टिपून ठेवलं.

"माझ्यासाठी तू कधी काय सोडलंस रे?" तिनं त्या दिवशी क्रुमेला विचारलं.

क्रुमे बीनच्या सूपात पाव बुडवत होता. "तुला काय धाड भरलीय सोडायला? देवाच्या दयेनं घोडी आहेस तू घोडी."

तो कौतुकानंच म्हणाला होता. म्हणून जास्त लागलं.

खरा घाव मात्र सप्टेंबरात बसला. सप्टेंबरात स्कोप्येत जी बाई अंगणात लाल मिरच्या भाजत नाही, ती बाई कसली? स्तामेनाचा आयवार, म्हणजे भाजल्या मिरच्यांची चटणी, गल्लीत नावाजलेला. पत्र्यावर मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजायच्या, सोलायच्या, मोठ्या पातेल्यात दिवसभर ढवळायच्या. बायका हातात बशी घेऊन कुंपणाशी यायच्या. वर्षातले ते दिवस तिच्या मालकीचे. या वर्षी मेतोदी टोपी हातात धरून खाली आला.

"वहिनी, यंदा मिरच्या तुझ्या भावाकडे, गावाला भाजशील का? धूर सरळ वर येतो. ती मग आठवडाभर उठत नाही गं."

"का नाही? उद्या श्वास घ्यायलाही गावाला जाते. इथं तुमच्या राणीच्या वाटणीची हवा नको संपायला."

तो हसला नाही. मग ती गेली गावाला. आयवार झाला, पण कुंपणाशी कोण येणार बशी घेऊन?

वरून मात्र रोज एकच बातमी. "मशीन आलं आणि बिसेर्का माणसात आली." मेतोदी हे दुकानात सांगायचा, चर्चच्या दारात सांगायचा, बसची वाट बघणाऱ्या अनोळखी बाईलाही सांगायचा. बिसेर्का बाजूला उभी राहून मान हलवायची. "हो, पुष्कळ बरं आहे आता."

डिसेंबर लागताच धूर पुन्हा उतरला, आणि मेतोदी बायकोला घेऊन वर डोंगरात, क्रुशेवोला, बहिणीकडे चार दिवस मोकळी हवा खायला गेला. किल्ली स्तामेनाकडे. लिंबाच्या कुंडीला पाणी घालायला.

पाणी घालून झालं. स्तामेना दाराकडे निघाली आणि गेलीच नाही. बिसेर्काच्या खुर्चीत जाऊन बसली. मशीनचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, घुर्र सुरू झालं. तिनं डोळे मिटले, हात खुर्चीच्या दांड्यांवर टाकले. राणीची हवा कशी असते, बघू तरी.

काहीच नव्हतं. तिनं तोंड पुढं नेलं, मग हात धरला. मशीन खोकल्याची उबळ दाबणाऱ्या माणसासारखं नुसतं घुरघुरत होतं. हवा म्हणावी तर मांजराच्या फुंकरीएवढी. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा स्तामेना स्वतः उघडून धुवायची, तिला यंत्रांची भीती नव्हती. मशीन बंद केलं, मागचं झाकण ओढलं.

आत फिल्टर होता. आणि फिल्टरवर, कारखान्यातून आलं तसं, चकचकीत, घट्ट, बंद प्लास्टिक.

या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायची रीतच नव्हती. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या प्लास्टिकमध्ये. सासऱ्यांनी आयुष्यात एकच आरामखुर्ची घेतली आणि तिचं प्लास्टिक न काढता तिच्यावर बसून उन्हाळ्यात घामानं चिकटत, हिवाळ्यात घसरत निवर्तले. त्यांच्या धाकट्या मुलानं महागाचा फिल्टर खराब होऊ नये म्हणून कोऱ्याचा कोरा जपून ठेवला होता. वर्ष होत आलं होतं त्याला.

स्तामेना आधी हसली. मग तिच्या डोक्यात दुसरा दिवा लागला आणि हसू थांबलं. मशीन एक दिवससुद्धा चाललेलं नाही. मग ही माणसात आली कशी? सापडलीस, बयो! सोंग तुझं. डोकेदुखी सोंग, गळा आवळणं सोंग. माझ्या मिरच्या गावाला धाडल्यास, नवऱ्याला व्हिनेगरमध्ये बुडवलंस, आणि हे सगळं सोंग!

तिनं झाकण जसंच्या तसं लावलं. असा पुरावा एकटीनं थोडाच खायचा असतो! संत निकोलाचा सण तोंडावर आला होता, घराण्याचा सण. मावश्या, आत्या, मेव्हणे सगळे जेवायला येणार, जेवण खाली आणि कॉफीला वर. त्या वेळी, सगळ्यांसमोर, ती म्हणणार होती, मेतोदी, जरा मागचं झाकण काढ बरं. बस, एवढंच. बाकीचं प्लास्टिक बोलेल.

त्या दिवसांत स्तामेना इतकी गोड वागली की त्रेनाबाईंनी तिला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

सणाच्या सकाळी खाली मासे तळायची तयारी सुरू झाली. तळणाचा वास बिसेर्काला चालत नाही, म्हणून ती वर दार लावून बीन शिजवत होती. स्तामेना मोठी परात मागायला वर गेली. खरं म्हणजे परात खालीही होती. तिला शेवटचं एकदा ते तोंड बघायचं होतं.

बिसेर्का मशीनशेजारी खुर्चीत बसली होती. ओठ पांढरे, कपाळावर ओला फडका. मशीन घुरघुरत होतं.

"काय झालं गं? मशीन आहे ना चालू?" स्तामेनाच्या आवाजात मध होता.

"आहे." बिसेर्कानं दाराकडे पाहिलं. "मेतोदी आला नाही ना?"

"पाव आणायला गेलाय."

"मग तुला सांगते. कुणालाच सांगितलं नाहीये, जाऊबाई. मला बरं वाटतच नाही. एक दिवससुद्धा वाटलं नाही."

"अगं, पण तूच तर म्हणतेस..."

"त्यानं ते खांद्यावरून वर आणलं ना, तेव्हाचा त्याचा चेहरा बघायला हवा होतास. पहिल्याच रात्री विचारलं त्यानं, बरं वाटतंय? मी हो म्हणून गेले. मग रोज विचारायला लागला. नाही कशी म्हणू? शेजारी लाकूड पेटवतात की माझं डोकं ठणकतं, मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडते आणि बसते." तिनं फडका उलटा केला. "आणि आता मलाच वाटायला लागलंय, लोक म्हणतात तेच खरं. एवढं मशीन समोर चालू असून मला धुराचा वास येतो, म्हणजे वास डोक्यातच असणार. मी वेडी आहे, स्तामेना. सण होऊ दे. मग मेतोदीला सांगते, विकून टाक हे, आणि त्या तिसऱ्या डॉक्टरच्या गोळ्या सुरू करते. तू पुढल्या वर्षी अंगणातच भाज मिरच्या. उगाच तुझा जीव खाल्ला मी."

स्तामेना उभीच होती. तिला काही म्हणजे काही करावं लागणार नव्हतं. परात उचलायची आणि खाली जायचं. मशीन विकलं जाईल, अंगण परत मिळेल, मेतोदी पुन्हा बाकीच्या नवऱ्यांसारखा नवरा होईल, आणि जिन्यात अत्तर लावून नाचलं तरी कुणी काही म्हणणार नाही. नुसतं गप्प बसण्याचं बक्षीस इतकं मोठं असतं का कुठं?

पण खुर्चीतली ती बाई अशी बसली होती, मालकानं कामावरून काढल्यासारखी. या बाईचा आता हेवासुद्धा करता येईना. आणि इतक्या वर्षांचा हेवा असा आयता हातून जाऊ द्यायचा, हे काही स्तामेनाला पटेना.

"उठ," ती म्हणाली.

"काय?"

"उठ म्हणते ना! हो बाजूला." तिनं बटण बंद केलं, मागचं झाकण ओढून काढलं. "बघ. हात लाव. काय आहे हे?"

बिसेर्कानं हात लावला. प्लास्टिक चुरचुरलं.

"हे... हे काढायचं असतं?"

"नाही, लग्नात घालून मिरवायचं असतं! काढायचंच असतं, बये. तुझ्या देवमाणसानं वर्षभर तुला पिशवीतली हवा पाजली. धूर खरा होता. वास खरा होता. तू काही वेडी-बिडी नाहीस. वेडं हे घराणं आहे, बुडाखालचंही प्लास्टिक न काढणारं."

बिसेर्का हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, ओल्या फडक्यानंच तोंड पुसत. स्तामेनानं दातांनी पिशवी फाडली, फिल्टर बसवला, बटण दाबलं. मशीननं खोल श्वास घेतला आणि खिडकीचा पडदा हलला. सवयीनं तिनं प्लास्टिक चुरगळून शेगडीत टाकायला हात उचलला, तो बिसेर्काचा चेहरा बघून तसाच खाली घेतला.

"स्तामेना, त्याला सांगू नकोस. मरेल तो लाजेनं."

"मी का सांगू? मला काय पडलंय?" आणि परात न घेताच ती खाली आली. जिन्यात तिला वाटलं, वरच्या मजल्यावर खोटंसुद्धा एकमेकांच्या मायेपोटी बोलतात. आमच्याकडे खाली खरं बोलतात, तेही मीठ कमी पडलं की.

दुपारी पाहुणे मासे खाऊन वर कॉफीला आले. मेतोदी मशीनशेजारी उभा, नवरदेवासारखा.

"ऐका, आवाज बघा कसा मोकळा! सकाळी मी जरा वरून पुसून घेतलं. पुसलं की फरक पडतो."

"जादू आहे बाबा तुझ्या हातात," मोठी आत्या म्हणाली. "क्रुमे, शीक काहीतरी भावाकडून."

"मला काय गरज?" क्रुमे म्हणाला. "माझी बायको घोडी आहे. तिला कधी काही होत नाही."

सगळे हसले. स्तामेनाही हसली. मेतोदी वळून म्हणाला, "वहिनी, तूच सांग. आणलं तेव्हा तू नाक मुरडलं होतंस. चांगलं आहे की नाही?"

बिसेर्का समोर कप हातात धरून बसली होती, गालांवर कधी नव्हे तो रंग.

"चांगलं आहे, मेतोदी. तुला कळतं बाबा सगळं."

मग कॉफीचे कप विसळायचं निमित्त करून ती खाली उतरली, आणि विसळायला न जाता अंगणाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. धूर इतका दाट की कुंपण दिसत नव्हतं. कुणाचीतरी शेगडी ओलं लाकूड जाळत होती. आपण गेलोय हे वर कुणाच्या लक्षात येतंय का, ते ती ऐकत राहिली. क्रुमेचा आवाज आला. तो आणखी केक मागत होता.

मागं दार वाजलं. नाकावर मफलर गुंडाळून बिसेर्का बाहेर आली होती.

"आत हो! मरायचंय का? हा धूर बघ."

"तू चल आधी."

"येते मी. जा तू."

"तू आल्याशिवाय नाही जायची," मफलरमधून ती म्हणाली आणि पायरीवर शेजारी उभी राहिली.

कुणीतरी स्तामेनासाठी थांबलं होतं, आणि ते तिला आणखी थोडा वेळ चालू द्यायचं होतं. पण बिसेर्काला ठसका लागला, वाकून खोकायला लागली, तेव्हा स्तामेनानं तिच्या दंडाला धरलं आणि शिव्या देत देत आत ओढलं.