टाळ्यांच्या गजरात मंजूर

मी काळाचौकीतल्या एका चाळीच्या गणपती मंडळाचा माईक. डोक्यावर टिचकी मारून ‘हॅलो, चेक, चेक’ म्हणण्यापलीकडे माझी कोणी विचारपूस करत नाही, म्हणून आज मीच तोंड उघडतो.

गणपतीचे दहा दिवस माझी चैन. हरवलेली मुलं, सापडलेली पाकिटं, सगळं माझ्याच तोंडून. एरवी मी कपाटात, झांजांच्या पिशवीखाली. तिथून मला कालिंदीबाईंनी बाहेर काढलं. त्या निवृत्त शिक्षिका. दर रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत भाषण करायला शिकवायच्या. “आईच्या पोटातून कुणी वक्ता येत नाही, शिकलं की येतं,” म्हणायच्या.

चाळीतली दर्शना त्यांच्याकडे आली ती रडवेली होऊन. चाळीच्या जागी टॉवर होणार होता आणि घर मिळणाऱ्यांच्या यादीत तिची जिन्याखालची खोलीच नव्हती. यादी चाळीच्या सभेत मंजूर व्हायची होती. आणि चार माणसांसमोर हिला एक वाक्य धड बोलता यायचं नाही.

दोन महिने ती शिकली. पहिल्या दिवशी तिच्या घामेजल्या हातातून मी निसटलोच. मला तोंडापासून चार बोटं लांब धरायचं, शेवटच्या खुर्चीकडे बघायचं आणि मुख्य मागणीच्या आधी पाच आकडे मोजून गप्प राहायचं. “लोक कान टवकारतात गं तेव्हा,” बाई सांगायच्या. मला तिचा अभिमान वाटायला लागला, खोटं कशाला बोलू!

सभेत तासभर बिल्डरच्या माणसांचे सत्कार चालले. शेवटी दर्शनाला दोन मिनिटं मिळाली. काय बोलली पोरगी! आवाज जराही कापला नाही. “चाळीस वर्षं आम्ही या जिन्याखाली राहिलो. तुम्ही सगळे साक्षीला आहात,” म्हणाली आणि शिकवल्याप्रमाणे थांबली.

लोकांना वाटलं, झालं भाषण. कौतुकाने सगळ्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी स्वप्नीलने हसत हसत मला तिच्या हातातून घेतलं.

“वा दर्शना, एक नंबर! तर मंडळी, टाळ्यांच्या गजरात यादी मंजूर! वडापाव घेतल्याशिवाय कोणी जायचं नाय!”

“दादा, माझं राहिलंय अजून...” ती म्हणाली. पण मी आता त्याच्या मुठीत होतो.

“अगं, वहीत लिहून पण झालं. नेक्स्ट मीटिंगला बघू ना.”

ती मीटिंग झालीच नाही. चाळ पाडली. दर्शना आईला घेऊन नालासोपाऱ्याला गेली. “मीच तिला थांबायला शिकवलं,” म्हणत कालिंदीबाईंनी वर्ग बंद केला. मी पत्र्याच्या शेडमध्ये पडून आहे, वायर तुटलेली. आता भंगारात जाईन.

जाण्याआधी हात जोडून एवढंच सांगतो. कुणी बोलता बोलता थांबलं, तर लगेच टाळ्या वाजवू नका हो. तिचं सांगायचं राहिलेलं असेल.