चाळिसावी प्रश्नावली

द्वारका वाशीमहून पुण्यात आली ती समाजशास्त्रात पीएच.डी. करायला, आणि विषय घेतला तोही दुसऱ्यांच्या एकटेपणाचा. शिकायला किंवा आयटीत नोकरीला आलेल्या तरुणांना या शहरात जिवाभावाचं कोण आहे, हे तिला चाळीस जणांना विचारायचं होतं.

तिच्या मार्गदर्शक पद्मजा मॅडमनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. "आपण विचारायचं, आपल्याबद्दल बोलायचं नाही. नाहीतर समोरचा आपल्या मनासारखी उत्तरं देतो." द्वारकाने नियम इतका पाळला की काही विचारू नका. सव्विसावी मुलाखत परभणीच्या नम्रताची होती. ती विश्रांतवाडीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. चहा ओतताना तिने सहज विचारलं, "ताई, तुमचं इथे कोण आहे?" द्वारका म्हणाली, "पुढचा प्रश्न घेऊ या." कागदावर खूण केली आणि चहा निवून गेला.

एकोणचाळीस मुलाखती झाल्या. चाळिसाव्या मुलाने तीनदा वेळ दिली आणि तिन्ही वेळा तो फिरकला नाही. शनिवारी विभागात चर्चासत्र होतं, आणि मॅडमनी बजावलं होतं की चाळीस झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. शेवटी शुक्रवारी दुपारी ग्रंथालयात बसून द्वारकाने कोरी प्रश्नावली ओढली आणि स्वतःचीच भरली. बाहेरगावची, विद्यार्थिनी, वय सव्वीस, पुण्यात तीन वर्षं. सगळं नियमात बसत होतं. खोटा एक शब्द लिहिला नाही. गेल्या आठवड्यात कामाशिवाय कोणाशी बोललात? कोणाशीही नाही. आजारी पडलात तर आधी कोणाला कळवाल? घरी कळवलं तर आई घाबरते, म्हणून तिने ती जागा रिकामीच ठेवली.

चर्चासत्राला नारायण पेठेतले दिगंबरराव आले होते. निवृत्त प्राध्यापक, जीभ मात्र अजून नोकरीत. त्यांनी प्रश्नावल्या चाळल्या आणि एक नेमकी बाहेर काढली.

"ही चाळिसावी घरी बसून भरलेली दिसते. पुण्याला लोक नावं ठेवतात, ठेवोत बापडे. पण तीन वर्षांत एकही माणूस नाही? असं माणूस नसतं हो!"

खोट्या मुलाखतीचा ठपका बसला तर तीन वर्षं पाण्यात, हे द्वारकाला पक्कं ठाऊक होतं. मॅडमचा चेहरा उतरला.

"खोटी नाही, सर," ती म्हणाली. "ती माझी आहे."

मग जी चर्चा रंगली म्हणता! संशोधकाने स्वतःलाच नमुन्यात घ्यावं का? तटस्थता म्हणजे काय? दिगंबररावांनी नमनालाच घडाभर तेल घातलं, दुसऱ्यांनी त्यांना खोडून काढलं. दोन वेळा चहा झाला. अखेर ठरलं की यात लबाडी नाही, पण ही प्रश्नावली काढून टाकावी, एकोणचाळीसही चालतील. सुंठीवाचून खोकला गेला. "वाचलीस," मॅडम कुजबुजल्या आणि रिक्षा पकडायला निघून गेल्या. इतकी शहाणी माणसं तासभर तिच्याविषयी बोलली, पण तिच्याशी कोणी बोललं नाही. द्वारकाला याचं फार वाईट वाटलं.

विभागाबाहेर रुपयाचं नाणं टाकून बोलायचा फोन होता. तिने फाइल उघडून सव्विसाव्या मुलाखतीपुढे लिहिलेला नंबर लावला.

"नम्रता? मी द्वारका, मुलाखतीवाली."

"हां ताई, बोला ना! फॉर्ममध्ये काही राहिलं का?"

"त्या दिवशी तुम्ही मला एक विचारलं होतं."

"मी? काय विचारलं होतं?"

तिला आठवत नव्हतं. मागे मैत्रिणी हसत होत्या, कोणीतरी तिला जेवायला हाक मारत होतं. द्वारका घाईघाईने म्हणाली, "काही नाही, पत्ता तपासायचा होता."

"तोच आहे की. पण ताई, आवाज असा का येतोय? बरं नाही का?"

पुढचा प्रश्न घेऊ या, हे शब्द द्वारकाच्या ओठांवर तयारच होते. तिने ते गिळले.

"नाही गं," ती म्हणाली. "बरं नाही."

तेवढ्यात वेळ संपत आल्याची पीक-पीक सुरू झाली. द्वारका पर्समध्ये दुसरं नाणं शोधू लागली, आणि पलीकडून नम्रता विचारत होती, "हॅलो? ताई, आहात ना?"