चिठ्ठीतली मालकीण

पहिला फटका हिरालालच्या पाठीवर बसला, तेव्हा भिवाजीच्या हातात वांग्यांची टोपली होती. ती खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. रंगरावांनी पोटच्या पोरावर चाबूक पुन्हा उचलला. पोरगा सतरा वर्षांचा, बापाएवढा उंच. पण त्याने हात वर केला नाही की तोंडातून आवाज काढला नाही. तिसऱ्या फटक्याला सदरा फाटला, चौथ्याला रक्त आलं. गाडी भरायला आलेले चार गडी मघाशी खदखदून हसत होते. ते आता मातीकडे पाहू लागले.

हे सगळं आपल्या तोंडामुळे झालं, हे भिवाजीला कळत होतं.

झालं होतं ते असं. गावातल्या हायस्कुलात दीड वर्षापासून एक गोरा मास्तर होता. ओवेन त्याचं नाव. विलायतेतल्या कुठल्याशा संस्थेने त्याला दोन वर्षांसाठी इंग्रजी शिकवायला पाठवलं होतं. कामरगावहून दोन कोसांवरचं हे गाव. वीज धड नव्हती, पण गोरा मास्तर होता. सुरुवातीला तो आंघोळीला बसला की लोक पाहायला जमायचे. मग सवय झाली. तो कपडे स्वतः धुवायचा, पाणी उकळून प्यायचा आणि बोलावेल त्याच्या घरी जेवायचा. आज बागायतदार रंगरावांच्या माडीवर, तर उद्या बौद्धवाड्यात भिवाजीच्या ओट्यावर. "मले भूक लागून राह्यली," म्हणायचा आणि बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

शाळेला सुट्टी लागली की मात्र तो एक दिवस गावात थांबत नसे. उन्हाळ्यात हिमालयाकडे, दिवाळीत दक्षिणेला, चैत्रात पोहरादेवीच्या यात्रेला. त्याची खाकी पिशवी एस.टी.च्या टपावर चढली की गावाने समजावं, सुट्टी लागली. परत यायचा तेव्हा नाकाची साल निघालेली असायची आणि महिनाभर पुरतील एवढ्या गोष्टी असायच्या. त्याला गाव आवडत होतं, यात खोटं काही नव्हतं. पण तो जाणारा माणूस होता.

त्याची शिकवायची रीतही निराळी. पुस्तक मिटायला लावायचा आणि वर्गात नाटक करवायचा. टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या. एकीत डॉक्टर, एकीत रोगी. एकीत तिकीटबाबू, एकीत उतारू. चिठ्ठीत निघेल ते व्हायचं आणि फक्त इंग्रजी बोलायचं.

भिवाजीची बेबी त्याच वर्गात, मॅट्रिकला होती. तिची आई भागिरथा दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली. जाताना तिने दुसरं काही मागितलं नाही. "पोरीले मॅट्रिक होऊ द्या, मंग काय करायचं ते करा," एवढंच म्हणाली. तेव्हापासून भिवाजी दिवसा रंगरावांच्या बागेत राबायचा आणि संध्याकाळी स्वतः चुलीपुढे बसायचा, बेबीला वाचता यावं म्हणून. दोन ताटं घ्यायची, हे त्याच्या हाताला अजून जमत नव्हतं. तिसरं ताट उचलायचा आणि परत ठेवायचा.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास होता. चिठ्ठ्या निघाल्या. बेबीला मालकीण निघाली आणि रंगरावांच्या हिरालालला नोकर. बेबी सरांच्या खुर्चीवर बसली. "ब्रिंग माय शूज," ती म्हणाली. तिच्या चपला दाराशी होत्या. हिरालाल उभाच राहिला. सरांना वाटलं, पोरगा वाक्य विसरला. त्यांनी ते त्याला हळूच सांगितलं, "येस, मॅडम." हिरालालने चपला पायाने ढकलत आणल्या. सर म्हणाले, असं नाही, हाताने, पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा त्याने त्या दोन बोटांनी धरल्या आणि वाक्य पुटपुटला. सर म्हणाले, मोठ्याने, पुन्हा. तिसऱ्या वेळी त्याने चपला दोन्ही हातांत आणल्या, बेबीच्या पायाशी ठेवल्या आणि वाक्य चोख म्हटलं. वर्ग हसून लोळत होता. सरांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना रामराम केला आणि पिशवी उचलून एस.टी. गाठायला निघाले.

वाटेत भिवाजी भेटला. एस.टी.चा हॉर्न वाजत होता. सर चालता चालताच बोलले. "तुमची बेबी एक नंबर! मालकीण झाली आज!" आणि हसत हसत सगळा खेळ सांगून टाकला.

भिवाजी बागेत आला तो जमिनीवरून दोन बोटं वरच चालत. गडी वांगी भरत होते. त्याने पोरगी इंग्रजीत पहिली आली एवढंच सांगितलं असतं तर निभावलं असतं. पण त्याने सगळं सांगितलं. चपलांचंही सांगितलं.

"म्हंजे हिरालालनं तुह्या पोरीच्या चपला उचलल्या?" एक गडी म्हणाला.

"उचलल्या नं! तीन डाव!"

"पोट्ट्याची नोकरी पक्की झाली मंग! पगार ठरवला का नाई?"

सगळे हसले. भिवाजीही हसला. रंगराव वांग्यांच्या ढिगामागे उभे होते.

आणि आता पोरगा रक्ताने भिजला होता. रंगरावांनी चाबूक टाकला.

"भिव्या, उद्या सकाळी पोट्टीले पारावर आन. हिऱ्याच्या चपला डोक्यावर घेऊन गावभर फिरली पाह्यजे. आन् शाळा बंद."

"मालक, खेळ होता तो. सरनं चिठ्ठ्या टाकल्या."

"मले चिठ्ठ्या नको सांगू."

"मी घेतो डोक्यावर. म्हनान तितके दिवस घेतो. पोरीचं नाव नका घेऊ."

"तुह्या डोक्यावर तं हायेतच त्या," रंगराव म्हणाले. "त्यात नवं काय?"

संध्याकाळी बौद्धवाड्यात माणसं बसली. भिवाजीचा चुलतभाऊ देवमन तापला होता. "पोलिसात जाऊ. सरले साक्षीले घेऊ."

"सर कुठे हाये?" म्हातारा जगदेव म्हणाला. "तो तिकडे समुद्रात पाय बुडवून बसला असन. चिठ्ठ्या त्यानं टाकल्या आन् लाठ्या आपल्याले."

"बाबा, फिरतो मी चपला घेऊन," बेबी म्हणाली. "घंटाभर फिरतो. पन शाळा नका सोडवू."

"दोनी मागून राह्यले ते, बेबी. एक देल्लं तं दुसरं बी घेतीन."

पहाटेच्या पहिल्या एस.टी.त भिवाजीने तिला पुस्तकांचं एक गाठोडं देऊन बसवलं. मंगरूळपीरला त्याची बहीण लिलाबाई राहत होती. गाडी दिसेनाशी झाल्यावर तो एकटा पाराकडे गेला.

पारावर पंधरा-वीस माणसं होती. खाली हिरालालच्या चपला मांडून ठेवल्या होत्या.

"पोट्टी कुठे हाये?"

"पोट्टी येनार नाई. मी आलो." भिवाजी वाकला आणि चपला उचलून त्याने डोक्यावर ठेवल्या.

रंगरावांनी लाथ घातली. चपला एकीकडे उडाल्या, भिवाजी दुसरीकडे. मग त्यांनी कुऱ्हाडीचा दांडा पोराच्या हातात दिला. "मार."

हिरालालने मारलं, पण हलकं, खांद्यावर.

"माहा चाबूक घरीच हाये," बाप म्हणाला. "जाऊन आनू?"

मग हिरालालने मारलं. दांडा गुडघ्यावर बसला आणि वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. भिवाजी ओरडला. हिरालाल थांबला नाही. पायावर, पाठीवर, हातावर, दिसेल तिथे मारत राहिला. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी. बापच शेवटी "बस झालं" म्हणाला, तरी त्याला ऐकू गेलं नाही. दोघांनी धरून त्याला मागे ओढलं.

पारावरचे बाकीचे बौद्धवाड्यावर धावून गेले. देवमन आडवा आला, त्याचं मनगट मोडलं. बेबी सापडली नाही म्हणून त्यांनी भिवाजीच्या छपराला काडी लावली. राहिलेली पुस्तकं, धान्य, भागिरथाची दोन लुगडी, सगळं जळालं. लुगडी अजून धुतलेलीही नव्हती. भिवाजीने ती मुद्दाम तशी ठेवली होती, तिच्या अंगाच्या वासासाठी. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पुढेही सांगितलं नाही.

दवाखान्यात पाय बसवला तो वाकडाच बसला. पोलीस जमादार येऊन कागदावर आपसातलं भांडण असं लिहून गेला.

वीस दिवसांनी ओवेन सर परत आले. नाकाची साल निघाली होती. एस.टी.तून उतरले ते सरळ जळक्या घरापाशी आले. भिवाजी तट्ट्याच्या आडोशाला पाय लांब करून बसला होता. सर मातीतच खाली बसले.

"मले माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"काहून माहीत नव्हतं, सर? दीड वर्ष दोनी घरी जेवले तुमी." भिवाजीचा आवाज चढला नाही. "हिरालाल मालक झाला असता आन् बेबी नोकर, तं कोनाले काहीच वाटलं नसतं. खेळ बी झाला नसता तो."

"मी पोलिसात सांगतो. कलेक्टरले भेटतो."

"तुमी उन्हाळ्यात जासान. मले इथंच राहाचं हाये. पोरीची मॅट्रिक तेवढी पाहा."

हेडमास्तर बेबीला शाळेत बसवायला तयार नव्हते. आणखी रक्त सांडेल म्हणाले. सरांनी त्यांच्या टेबलापुढे दोन दिवस उभं राहून शाळा सोडल्याचा दाखला काढला, मंगरूळपीरच्या शाळेत तिचं नाव घातलं, फॉर्म भरला. नाताळात त्यांच्या देशातले मित्र गोव्याला जमणार होते. त्यांची पत्रं आली, तार आली. सर गेले नाहीत. दर रविवारी धुळीच्या एस.टी.ने मंगरूळपीरला जाऊन लिलाबाईच्या ओसरीवर बेबीला शिकवत राहिले. पुस्तक उघडून, ओळीने. चिठ्ठ्यांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मार्चमध्ये परीक्षा आली. दोन्ही शाळांना मंगरूळपीरचं एकच केंद्र मिळालं. गावची पोरं तिथेच येणार हे कळल्यावर भिवाजी काठी टेकत मंगरूळपीरला आला. रोज फाटकासमोरच्या लिंबाखाली बसायचा. धोतराच्या ओच्यात विळा असायचा. बहिणीला वाटायचं, भाऊ पोरीची राखण करतो. भिवाजीला मात्र माहीत होतं की तो कोणाची तरी वाट पाहतो आहे.

इंग्रजीच्या पेपरला हिरालाल लवकर बाहेर आला. एकटाच. लिंबाखाली नजर गेली आणि थबकला. मग पळून जायचं सोडून सरळ समोर आला आणि वाकला.

"पाय कसा हाये, भिवाजी?"

भिवाजीचा हात ओच्यात गेला. पोराची मान त्याच्या हाताच्या अंतरावर होती. एकच वार. रंगराव वांग्यांच्या ढिगापाशी बसलेले असतील आणि कोणीतरी पळत जाऊन सांगेल. त्याला ते दिसत होतं आणि बरं वाटत होतं. विळा अर्धा बाहेर आला. हिरालालने तो पाहिला. त्याचे ओठ पांढरे झाले, पण पाय हलला नाही.

"बाबा!"

बेबी फाटकातून आली होती. तिने बापाचा हात पाहिला, हिरालालकडे पाहिलं.

"अजून चार पेपर हायेत माहे," ती म्हणाली. "समजलं का, बाबा? चार."

भिवाजी हलला नाही. ती त्याच्या पुढ्यात उकिडवी बसली. "तू जाय इथून," मागे न बघता तिने हिरालालला सांगितलं. तो गेला. मग तिने बापाची बोटं विळ्याच्या मुठीवरून एकेक करून उकलली. करंगळी सुटली, तरी अंगठा सुटेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. पातं तिच्या तळव्याला लागलं, तेव्हा कुठे त्याने मूठ सोडली.

"परवा गनित हाये," ती म्हणाली आणि ओढणीने रक्त पुसलं. डावा हात होता. लिहायचा उजवा होता.

विळा तिने कंपासपेटीसोबत पिशवीत टाकला. बापाला काठी दिली, उठवलं. दोघं लिलाबाईच्या घराकडे चालू लागले. ती प्रश्न कसे सोपे आले ते सांगत होती. भिवाजी ऐकत होता. त्याची बोटं अजून तशीच वाकलेली होती, सरळ होत नव्हती.