बोल्टावरचा ठिपका

सोमवारी सकाळी आठला लेकीला टेकडीवरच्या रोपवाटिकेत नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि शनिवारची दुपार कलली तरी दातवाल्या बाईंनी त्या सायकलीवरची चादर काढली नव्हती.

बाईंना दातवाल्या म्हणत, कारण त्या दात बनवत. डॉक्टर माप पाठवायचा, आणि बाई लॅबमध्ये बाकावर बसून कवळी घडवायच्या. शेजारच्या दाताशी नव्या दाताचा रंग असा जुळवायच्या, की कुठला आपला आणि कुठला बाईंचा हे मालकालाही आरशात ओळखू येऊ नये. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. बाईंचं बावीस वर्षं भरत होतं. उरलेला सगळा वेळ जुन्या माउंटन बाइकचा. जाड टायरांच्या, पोलादी सांगाड्याच्या, पंचवीस-तीस वर्षांच्या म्हाताऱ्या सायकली लोक जिन्याखाली गंजायला टाकतात ना, त्या बाई घरी आणायच्या, पार छर्ऱ्यापर्यंत सुट्या करायच्या आणि पुन्हा उभ्या करायच्या. चेन पातेल्यात, छर्रे वाटीत, चाक जेवणाच्या टेबलावर. पाहुणा आला तर त्यानं बसायचं कुठे, हा त्याचा प्रश्न.

त्यात बाईंची एक रीत होती. बोल्ट आवळून झाला, की त्याच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका, अर्धा बोल्टावर आणि अर्धा शेजारच्या धातूवर. बोल्ट केसभर जरी फिरला तरी ठिपका तुटतो. ठिपका अख्खा आहे म्हणजे बोल्ट आवळलेला आहे, आणि आवळल्याशिवाय ठिपका द्यायचा नाही. घरात देवापेक्षा या नियमाचा धाक मोठा. आणि बाईंच्या बोल्टला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा त्याच्याही वरचा.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी बाईंचे यजमान अशीच एक सायकल घेऊन टेकडी उतरत होते. निळी, बाईंनी सहा महिने खपून उभी केलेली. उतारावर हँडल वळलं आणि चाक सरळच राहिलं. माणूस उडाला, खांद्याचे तीन तुकडे झाले. यजमान बसचे ड्रायव्हर, नाव काढावं असे. खांदा जुळला, पण हात छातीच्या वर जाईना. मग स्टिअरिंग सुटलं आणि डेपोतली चौकशीची खिडकी नशिबी आली. लोक अजून त्यांना ड्रायव्हरच म्हणायचे. कसे पडलात विचारलं, की ते म्हणायचे, "खड्डा होता."

खड्डाबिड्डा काही नव्हता. त्या संध्याकाळी कुणीतरी सायकल घरी आणून टाकली, तेव्हा जिन्यातल्या पिवळ्या दिव्याखाली बाईंनी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवून पाहिलं होतं. ते सहज फिरलं. जुन्या सायकलींत हँडलचा दांडा एकाच बोल्टवर आवळलेला असतो. तो बोल्ट ढिला होता, आणि त्याच्या डोक्यावर लाल ठिपका अख्खा, जसाच्या तसा. अर्थ एकच निघत होता. बोल्ट मागाहून सुटला असता तर ठिपका तुटला असता. म्हणजे आधी ठिपका दिला आणि आवळायचं राहिलं. आपल्या हातून! बाईंनी सायकल गॅलरीत टांगली, वर चादर टाकली, आणि ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नाही.

तेव्हापासून जिवाला जो घोर लागला तो लागलाच. गॅलरीत तीन सायकली उभ्या होत्या, एकही पुरी नव्हती. बाई बोल्ट आवळायच्या, ठिपका द्यायच्या, हात धुवायच्या, परत यायच्या, ठिपका खरवडायच्या आणि बोल्ट पुन्हा ढिला करून आवळायच्या. लॅबमध्येही तेच. झालेली कवळी डब्यातून चारदा काढून बघायच्या. बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कुठे जायचं ते कळत नसे. आणि घरात? घरात तीन वर्षं कुणाचा आवाज चढला नव्हता. बाई नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायच्या, भाजीत मीठ जास्त झालं तरी ते "छान झालीय" म्हणायचे. असा गोडीगुलाबीचा संसार की मधुमेह व्हावा.

"आई, उद्या तरी काढणार आहेस का ती?" लेकीनं विचारलं.

"त्या तिघींतली एक घे ना. हिरवी बघ, दोन दिवसांत करते."

"हिरवी तू दोन वर्षं दोन दिवसांतच करते आहेस. आणि तिघीही मला लहान होतात. मी बाबांवर गेलेय, ताडमाड. मला बाबांचीच बसते. बस वर जात नाही, आई. चालत निघाले तर पोचेपर्यंत रोपांची झाडं होतील."

"त्या उतारावर..."

"रोज उतरणार आहे मी त्या उतारावर. तू नाही दिलीस तर बाजारातून आणीन कुठलीतरी. तिचे बोल्ट कोण बघणार?"

पोरगी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवते, हे बाईंना ठाऊक होतं.

रविवारी सकाळी ड्रायव्हर दूध आणायला गेले आणि बाईंनी दात-ओठ खाऊन चादर ओढली. धूळ उडाली. सायकल खाली घेतली, गॅलरीच्या कठड्याशी उजेडात उभी केली, आणि एकदाचं त्या बोल्टकडे पाहिलं.

पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

लॅबमध्ये रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात, दिव्याखाली नाही, हा पहिला धडा. पिवळ्या दिव्याखाली सगळे दात सारखे आणि सगळे लालही सारखेच. बाईंचं नेलपॉलिश विटकरी लाल, वर्षानुवर्षं एकाच जातीची बाटली. समोरचा ठिपका विटकरी नव्हता. त्यात गुलाबी झाक होती. बाईंनी भिंग आणलं. बोल्टाच्या खाचेत, कडेला, खरवडून उरलेला विटकरी रंगाचा कण होता, आणि त्याच्यावर हा गुलाबी. गुलाबी बाटली लेकीची. तीन वर्षांपूर्वी ती बारावीत होती, तेव्हा लावायची.

बाईंनी हँडलचा दांडा पाहिला. त्यांनी बसवला होता त्यापेक्षा तो दोन बोटं वर होता.

त्या उपड्या बादलीवर बसल्या. आधी वाटलं, हुश्श. मग डोळ्यांत पाणी आलं. आणि ते पुसता पुसताच पायापासून मस्तकापर्यंत अशी काही आग गेली की विचारू नका.

दाराशी दुधाची पिशवी घेऊन ड्रायव्हर उभे होते. त्यांनी चादर खाली पडलेली पाहिली, सायकल पाहिली, बायकोच्या हातातलं भिंग पाहिलं. चेहरा उतरला.

"हँडल कुणी वर घेतलं?" बाईंनी विचारलं.

"अगं..."

"कुणी घेतलं?"

"पाठ भरून यायची वाकून. दोन बोटं वर हवं होतं. तू कामावर होतीस." ड्रायव्हर दुधाची पिशवी छातीशी धरून बोलत होते. "परत आवळलं होतं मी. पण फार नाही आवळलं. म्हटलं, जास्त जोर लावला आणि तुझं काही मोडलं तर?"

"आणि ठिपका?"

"ठिपका तुटला. तुला कळलं असतं की हात लावला. घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हणून पोरीच्या बाटलीतला..."

बाई उठल्या. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला अहोजाहो सोडलं नव्हतं. ते आता गॅलरीतून खाली गेलं.

"तू! तू केलंस हे? आणि तीन वर्षं मूग गिळून बसलास? मी मेले इथे रोज थोडी थोडी! माझ्या हातानं तुझा खांदा गेला, बस गेली, म्हणून मी माझ्या हातांकडे बघत नव्हते!"

ड्रायव्हर एक पाऊल पुढे आले.

"तुझ्या हातानं? तुझा काय संबंध?"

"ठिपका अख्खा होता! मला वाटलं, आवळायचं माझंच राहिलं. आणि तू गावभर खड्डा होता, खड्डा होता सांगत फिरतोस. मला वाटलं, तू माझं पोटात घातलंस."

"आणि मला वाटलं तू माझं घातलंस!" आता त्यांचाही आवाज चढला. "हॉस्पिटलातून आलो तर सायकलीवर चादर, आणि तू चकार शब्द बोलत नाहीस. म्हटलं, हिच्या नजरेतून बोल्ट सुटतोय होय? हिनं ओळखलं आणि माफ केलं. त्या माफीखाली वाकून जगतोय मी! तू बटणं लावतेस, मी मेल्याहून मेल्यासारखा होतो. पातेल्यात चेन उकळतेस, त्यातच चहा करतेस..."

"ते पातेलं वेगळं आहे!"

"चहाला तीन वर्षं वंगणाचा वास येतोय! आणि मी छान झालाय म्हणतोय!"

"मग बोलायचं होतंस! तोंडात काय माझी कवळी बसवली होती?"

लेक झोपेतून उठून धावत आली. "तुम्ही भांडताय? खरंखुरं?"

"मग काय नाटक करतोय?" दोघं एकदम ओरडले.

भांडण तासभर चाललं. त्यात मीठ निघालं, बेसिनमध्ये सांडलेले छर्रे निघाले, सासरच्या कुणाचं तरी लग्न निघालं. शेवटी दम संपला. ड्रायव्हर कठड्याला टेकले आणि म्हणाले, "बस माझ्याच हातानं गेली गं. खिडकीत बसतो, समोरून गाड्या सुटतात, आणि मला कुणावर रागावताही येत नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंचा राग गेला नव्हता, पण त्यांनी नवऱ्याच्या हातातली दुधाची पिशवी काढून घेतली. ती एव्हाना कोमट झाली होती.

दुपारभर त्या सायकलीला बसल्या. सगळं उकललं, पुसलं, ग्रीस भरलं, नवे ब्रेकपॅड घातले, लेकीच्या उंचीला हँडल लावलं. बोल्ट आवळला, ठिपका दिला, हात धुतले. सवयीनं परत गॅलरीच्या दाराशी आल्या, थोडा वेळ तिथेच घुटमळल्या, आणि आत जाऊन चहा टाकला. धुतलेल्या पातेल्यात.

सोमवारी साडेसातला लेक सायकलीवर बसली. आईबाप फाटकाशी उभे. तिनं पॅडल मारलं आणि निघाली, तशी ड्रायव्हरांनी चांगला हात पुढे केला.

"थांब! ए, थांब गं, एकदा बघू दे..."

बाईंनी त्यांचं मनगट धरून हात खाली केला.

"जाऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "तो बोल्ट मी आवळलाय."