खारघरचा संगणक आणि ताऱ्याचा बुडबुडा

मित्रांनो, घाईघाईनं सांगतोय, कारण मला स्वस्थ बसवत नाही. मी खारघरच्या एका फ्लॅटमधला जुना संगणक. मारोतीकाकांनी सुटे भाग जमवून मला त्यांच्या लेकीसाठी, क्रांतीसाठी, जोडून घेतलं. आधी बारावीचा अभ्यास, मग सिनेमे, मग अंगावर चादर टाकून कोपऱ्यात. कोणी ढुंकून पाहीना! जीव नुसता कासावीस व्हायचा.

क्रांती एमएस्सीला गेली आणि माझे दिवस पालटले. तिनं माझ्यात एका ग्रहीय तेजोमेघाची माहिती भरली. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की अंगावरचा वायू बाहेर टाकतो, तोच हा ढग. ग्रहांशी त्याचा काडीचाही संबंध नाही, नाव आपलं पडलंय तसं. अशा काही ढगांच्या पोटात अतितप्त वायूचा बुडबुडा असतो, तो क्ष-किरणांत दिसतो. अवकाशातल्या दुर्बिणीनं टिपलेले किरण म्हणजे थोडेसे विखुरलेले ठिपके. क्रांतीनं मला ते पसरवून एकमेकांत मिसळायला लावले. आणि काय सांगू, पडद्यावर गोल, झगझगीत बुडबुडा उमटला!

काका हरखले. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला, रविवारी हॉलमध्ये तिचं भाषण आणि सत्कार ठरला. माझंही कौतुक झालं, पण मला चैन पडेना. मूळ ठिपके माझ्याच पोटात होते ना! त्यांत बुडबुडा होता कुठे? पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

रविवारी सकाळी क्रांतीलाच राहवलं नाही. ठिपके इतके थोडे, मग बुडबुडा एवढा ठळक कसा? चित्राच्या कोपऱ्यात एक साधा, एकटा तारा होता; त्याच्याभोवती बुडबुडा असायचं काही कारणच नव्हतं. तिनं तीच क्रिया त्याच्यावर करून पाहिली. त्यालाही तस्साच बुडबुडा आला!

"पप्पा, हा खरा नाय. आपणच फुगवलाय."

"अगं, अख्ख्या सोसायटीला बोलावलंय! आजच्या दिवस राहू दे की. कोणाला कळणारे?"

"मला कळलंय ना!"

क्रांतीनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि तीच दाखवायला घेऊन गेली. मी घरी तळमळत होतो.

परतल्यावर काका थेट माझ्यासमोर बसले. "मग खरा बुडबुडा आहे की नाही?"

"माहीत नाय, पप्पा. दुर्बिणीनं अजून बराच वेळ बघायला पाहिजे, आणि त्या वेळेसाठी अर्ज करावा लागतो."

"मग कर की अर्ज! बसलीस काय?"

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला अडगळीत टाकू नका, हे तर सांगेनच. पण एक कळकळीची विनंती आहे. आम्ही दाखवलेलं चित्र फार आवडलं, की ते आणखी एकदा तपासा. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. ते तुम्हीच म्हणायचं असतं.